न पाहिलेलं नागपूर

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती गेली, तरी नाही. पोरांना तर नाहीच, ते मला मानतात. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझ्या ओट्यावर येऊन बसणार नाही अन् मध्येच तोंड घालणार नाही. मध्ये तोंड घातलेलं मला खपत नाही. शाळा दुसरीपर्यंत. अक्षर कसंही असो, वाचून घ्या.

परवा बाबांचा स्मृतिदिन झाला. बाबा म्हणजे कोण, हे सांगायला पाहिजे का? देशाचा कायदा ज्यांनी लिहिला अन् आम्हाला मान वर करून चालायला लावलं, ते. आमची वस्ती घाटंजीकडची. डिसेंबरातल्या त्या दिवशी आमच्यातलं कोणी कामावर जात नाही. शेतात कापूस फुटून लोंबला असला, मालक हाका मारून थकला, तरी नाही. बाया पांढरं नेसतात. निंबाखालच्या ओट्यावर बाबांचा फोटो मांडतात, मेणबत्त्या लावतात. मग कोणी तरी म्हणतं — नागपूरला गेलेल्यांनी सांगावं.

पहिला मान माझा. इतकी वर्षं माझाच.

मी सांगतो. पांढऱ्या कपड्यांचं रान सांगतो. धुरळा सांगतो. गर्दीत एका म्हातारीनं फडक्यातली अर्धी भाकर मोडून मला दिली, ते सांगतो. ती म्हातारी लोकांना फार आवडते. मी विसरलो तर बाया मागून ओरडतात, "आजा, त्या भाकरीवालीचं राह्यलं!"

ती म्हातारी नव्हतीच. असली तर तिनं भाकर दुसऱ्या कोणाला दिली. मी नागपूरला गेलोच नाही.

झालं, एक सांगून झालं. पण हे सगळ्यात हलकं आहे. जड पुढं आहे — अन् मी त्याच्याभोवती फिरून राह्यलो, हे मलाही कळतं.

छप्पन सालच्या दसऱ्याची गोष्ट. बाबा नागपूरला धम्म घेणार, अन् आपल्यालाही देणार, असा सांगावा आला. त्याआधी वस्तीची बैठक झाली. गावात ढोर मेलं की ते ओढून नाल्यापलीकडं टाकायचं काम आमचं होतं, आज्या-पणज्यापासून. बैठकीत ठरलं, आजपासून कोणी मेलेल्या ढोराला हात लावणार नाही. अन् कोणी लावला, तर त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागावी, तोवर त्याच्याशी बोलणं-बसणं बंद. पाटलाच्या ओट्यावरही कोणी जायचं नाही. हे सगळं मांडलं कोणी? मीच. माझा आवाज मोठा होता.

वस्ती पाच-सहा दिवस आधी पायी निघाली. मी मागं राहिलो, कारण दौलत काकाला हिवताप भरला होता. काका माझ्या बापाचा धाकटा भाऊ. बाप गेल्यावर त्यानंच मला वाढवलं. ताप उतरला तर त्याला घेऊन यायचं, नाही तर मी एकट्यानं मोटार धरायची, असं ठरलं. ताप उतरला नाही. काका खाटेवरून म्हणाला, "तू जाय. मह्या वाटचं बी पाहून ये."

दसऱ्याच्या आदल्या सकाळी मी आंघोळ केली. धुतलेलं धोतर नेसलो. अन् बाहेर पाहतो तर पाटील उभा.

आता इथं मला भीतीचं सांगता आलं असतं. लोकांना भीती लवकर समजते. पण पाटलानं धमकी दिली नाही. शिवी नाही, काठी नाही. तो वस्तीच्या तोंडाशी आला, पहिल्यांदाच स्वतःच्या पायानं आला, अन् मऊ आवाजात म्हणाला, "कालवड मेली बाप्पा रात्री. सारे तर गेले. आता तूच एक समजदार मानूस हायेस गावात."

समजदार. पाटलाच्या तोंडून. मला गोड लागलं ते. आजही लिहिताना ते गोड लागलेलं आठवतं. माणूस इतक्यानं विकला जातो का? मी गेलो.

धोतर सोडून जुनं फडकं गुंडाळलं. दोर माझ्याकडं नव्हता. काका अंबाडीचे दोर वळायचा, त्याच्या भिंतीवरचा घेतला. काकानं डोळे उघडले. "दोर कायले रे?"

"लागते," म्हणालो.

कालवड लहान होती, एकट्यानं ओढली गेली. नाल्यापलीकडं टाकली. नाल्यात अंग घासलं. दोर परत खुंटीला अडकवला. तेव्हा काका झोपेत होता, की डोळे मिटून होता? मला माहीत नाही. धुतलेलं धोतर पुन्हा नेसलो, पण नागपूरकडं पाय उचलेना. दिग्रसला बहिणीकडं गेलो. तिला म्हणालो, नागपूरला चाललो. नंतर म्हणालो, नागपूरहून आलो. तिनं पाय धुवायला पाणी दिलं.

वस्ती परत आली तेव्हा मीही आलो, दुसऱ्या वाटेनं. कुठं उभा होतास? — मागं, फार मागं. लाखो माणसांत कोण कोणाला पाहतं?

पण पाटलाच्या गोठ्यातली कालवड दिसेना, अन् नाल्यापलीकडं गिधाडांनी साफ केलेली हाडं. कोणी ओढली? पाटलाला विचारायला जायचं तर त्याच्या ओट्याला आम्हीच बंदी घातलेली. शोधता शोधता काकाच्या खुंटीवरचा दोर सापडला. दोराला कालवडीचे तांबडे केस.

काकाला निंबाखाली आणलं. अंगात अजून कणकण होती. तो म्हणाला, "म्या नाई ओढलं."

"मंग कोनं?"

"ज्यानं ओढलं थो सांगन."

अन् त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोललो असतो का? कोणीतरी मधूनच म्हणालं, तापातला माणूस एकटा कालवड कसा ओढेल हो? शहाणा प्रश्न होता. सगळे थबकले. अन् त्या प्रश्नाला उत्तर मी दिलं. हो, मीच. म्हणालो, "लालूच सुटली का तापातबी जोर येते."

लोक हसले. काकानं तेव्हा पाहिलं.

त्यानंतर महिनाभरानं राहिलेल्यांसाठी तालुक्याहून कार्यकर्ते आले अन् आमच्या निंबाखालीच दीक्षेचा कार्यक्रम झाला. काकाला सांगितलं, आधी माफी, मग दीक्षा. तो म्हणाला, जे केलं नाही त्याची माफी मागत नाही. आमच्या घराण्यात सगळे अडेल. तो राहिला बाहेर. अन् मी? मी तर नागपूरला घेऊन आलेला ना! मी कार्यकर्त्यांच्या बाजूला उभा राहिलो, लोकांना रांगेत बसवलं, म्हाताऱ्यांना शब्द सांगितले. स्वतः तोंड मिटून. पुटपुटलो असतो तर घेतल्यासारखी झाली असती का? तेही केलं नाही. लोकांना देणाऱ्यानं पुन्हा घ्यावी कशी? लोक काय म्हणतील? म्हणजे मला अजून दीक्षा नाही. वस्तीत तशी दोनच माणसं होती. एकाचं सगळ्यांना माहीत होतं.

मग डिसेंबरात बाबा गेले. घाटंजीच्या बाजारात, हॉटेलच्या रेडिओवर ऐकलं अन् तिथंच खाली बसलो. हॉटेलवाल्यानं पाणी दिलं, ते हातातच राहिलं. त्यांना डोळ्यानं पाहायची एक सकाळ माझ्या हाती आली होती, ती मी एका शब्दापायी घालवली. त्या दिवशीचं माझं रडणं खरं होतं. तेवढं खरं होतं.

पुढच्या साली पहिला स्मृतिदिन. आदल्या दिवशी काका माझ्या कुडापाशी आला. घरात आला नाही, बोलणं-बसणं बंद होतं ना. बाहेरूनच म्हणाला, "यंदा सांगतं का?"

"पुढच्या साली," मी म्हणालो.

तो गेला. दुसऱ्या दिवशी निंबापासून दूर, कुपाटीच्या कुंपणाला टेकून उभा राहिला. मी नागपूर सांगितलं, त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. असंच दर साली. "यंदा?" — "पुढच्या साली." एका वर्षी तर थट्टेनं म्हणाला, "लेका, तुही ते म्हातारी दरसाल तरनी होऊन राह्यली. आता तिच्याशी लगन लाव." मला हसू आलं. त्यालाही आलं. कुडाच्या दोन बाजूंनी हसलो आम्ही. तेव्हा सांगायला काय लागलं असतं? निंबाखाली उभं राहून दोन वाक्यं.

त्यानं स्वतः काहून सांगितलं नाही, हे मला विचारू नका. मी त्याला विचारलं नाही. कदाचित त्याला माझ्याच तोंडून पाहिजे होतं.

परवाच्या स्मृतिदिनाच्या आधी, पऱ्हाटीचा कापूस वेचणीला आला तेव्हा, काका मेला. चार जण माझ्याकडं आले. त्यांच्याही मनात वाईट होतं. म्हणाले, आजा, झालं गेलं, आता माणूसच नाही राहिला. आपल्या पद्धतीनं वंदना म्हणून पोचवायचा, की कसं? तुम्ही म्हणाल तसं.

मी म्हणेन तसं. ते हो ऐकायलाच आले होते. मी मान हलवली असती तरी पुरे होतं.

मी म्हणालो, "त्यानं दीक्षा घेतली नव्हती. नेम म्हंजे नेम."

त्याला मुकाट नेलं. कोणी वंदना म्हटली नाही. मी खांदा दिला. लोक म्हणाले, पुतण्या असून बाणा सोडला नाही.

मग परवाचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी कुडापाशी कोणी आलं नाही. निंबाखाली मला बोलावलं. मी उभा राहिलो, कुपाटीकडं नजर गेली, तिथं कोणी नव्हतं. अन् मी नागपूर सांगितलं. धुरळा सांगितला, भाकर सांगितली, बाबांनी हात वर केला तेही सांगितलं. ते आजवर सांगायची माझी छाती झाली नव्हती. बाया रडल्या. इतकं चांगलं मी कधीच सांगितलं नव्हतं.

काका मेला म्हणून मला हलकं वाटत होतं. उभा होतो तेव्हा, ओट्यावरून उतरलो तेव्हा, घरी येऊन जेवलो तेव्हा. पोटभर जेवलो.