उंडीच्या झाडावरची तार

हरिश्चंद्र मायनाक दहा वर्षं परदेशी बोटींवर बिनतारी संदेश पाठवायचं काम करून १९३१ साली रत्नागिरीला परतला. एका आगबोट कंपनीने त्याला बंदरावरच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, एक खोली आणि यंत्र दिलं. मुंबईच्या कचेरीला हवामान कळवायचं, बोटींची बातमी घ्यायची. माणूस अबोल. यंत्रातल्या काचेच्या मोठ्या दिव्याशी मात्र तो हळूच बोलतो, असं त्याची बायको सगुणा हसून सांगायची.

दोन वर्षांनी कार्तिकात वादळ आलं. सकाळपर्यंत तारायंत्राच्या तारा तुटल्या. सड्यावरचा पूर्वेचा खांब उन्मळून पडला आणि त्याला ताणलेली, संदेश हवेत सोडणारी तार ओल्या कातळावर लोळू लागली. दहा वाजता मुंबईहून रत्नागिरीसाठी दोनशे उतारूंची बोट सुटणार होती आणि वादळ किनाऱ्याने वर, तिच्याच वाटेवर सरकत होतं.

कंपनीचे इथले साहेब बर्वे धापा टाकत आले. "उत्तरेचा खांब शाबूत आहे ना? त्याला बांधा तार, आणि यंत्राचा जोर पुरता चढवा!"

"साहेब, तशी बांधली तर तारेचं टोक उत्तरेला, मुंबईकडे होतं. आवाज टोकातून जात नाही, अंगाकडून जातो. मग सगळा जोर समुद्रात नाहीतर घाटात वाया जाणार."

"वाद घालायला वेळ आहे का?"

हरिश्चंद्रने साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे केलं. काटा वर चढला, दिव्यातला पत्रा लालबुंद झाला. मुंबई गप्प. नऊ वाजून गेले. दुसरा दिवा खोलीत नव्हता. हा फुटला की सगळंच संपलं. त्याने संदेश ठोकायच्या कळीवरचा हात काढला आणि जोर निम्म्यावर आणला.

"काय करताय? नोकरी घालवाल!" बर्वे ओरडले.

"घालवा," म्हणत तो बाहेर पळाला.

पूर्वेला, पडलेल्या खांबापलीकडे, उंडीचं जुनं झाड होतं. तिथवर तार ताणली तर तिचं अंग पुन्हा मुंबईकडे होणार होतं. मदतीला धावलेला मिरकरवाड्याचा खलाशी धोंडू दोर दातात धरून चढला. वारा त्याला सोलून काढत होता.

"तार ओल्या फांदीला टेकू देऊ नको रे, जोर झाडात उतरेल! मधे दोर ठेव!" हरिश्चंद्र खालून ओरडला.

"ठेवतो मास्तर, पन फांदी न्हाय ऱ्हायची!"

फांदी करकरली. धोंडूने पाय वरच्या बेचक्यात घातले, गाठ मारली आणि तिथेच बिलगून राहिला.

हरिश्चंद्र आत येऊन कळीपाशी बसला. एकदा हाक दिली. दोनदा. तिसऱ्यांदा कानात बारीक टकटक उमटली. मुंबई विचारत होती: पुन्हा सांगा. त्याने वादळाची खबर पुन्हा सांगितली, सावकाश, एकेक अक्षर. दहाला आठ मिनिटं असताना उत्तर आलं: बोट रोखली.

त्या दुपारी वादळ बोटीच्या वाटेवरून गेलं. बर्व्यांनी अहवालात लिहिलं की तार आपल्या हुकुमाने फिरवली. धोंडू भडकला, सगुणा दोन दिवस जेवली नाही. हरिश्चंद्रने फक्त जादा दिव्यासाठी अर्ज केला. तो आठ महिन्यांनी मंजूर झाला.

वादळानंतर तिसऱ्या दिवशी ती रोखलेली बोट रत्नागिरीला लागली. धक्क्यावर एक म्हातारी तणतणत उतरली. "दोन दिवस फुकट बसवून ठेवलं मेल्यांनी!"

"खरंच हो आजी," हरिश्चंद्र म्हणाला आणि तिचं गाठोडं उचलून पुढे चालू लागला.