श्रीवर्धनहून येणारा फोन

मंगळवारी सकाळी माझे यजमान विहिरीवरचा पंप सुरू करायला गेले आणि तिथे पडले. शेजाऱ्यांनी त्यांना उचलून ओटीवर आणलं. डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली आणि हातातलं घड्याळ काढून ठेवा म्हणाले.

दिवसकार्य झाल्यावर मुलगी म्हणाली की किहीमला तू एकटी राहायचं नाहीस. मी वाद घातला नाही. पंप मला सुरू करता येत नव्हता, नारळ पाडायला कुणाला बोलवायचं ते ठाऊक नव्हतं, आणि पावसाळ्याआधी कौलं कोण चाळणार हा प्रश्न होताच. घर मुंबईच्या एका कुटुंबाने घेतलं. मुलीने माझ्यासाठी अलिबागला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या पाहिल्या. वैशाखात जायचं ठरलं आणि मी आवरायला लागले.

आवरणं म्हणजे मी खरं तर घरभर फिरत होते. वाण्याकडून बिस्किटांची रिकामी खोकी आणली होती. एक भरायला घ्यायचं, अर्ध्यात उठायचं, माजघरात जायचं, तिथे कशाला आले ते विसरायचं, परत यायचं. सुतळीने बांधलेलं खोकं पुन्हा सोडून बघायचं की आत नक्की काय घातलं. पुस्तकांची तीन कपाटं होती आणि नव्या घरात एकाच कपाटाला भिंत होती. पुस्तक ठेवायचं की द्यायचं हे ठरवायला उघडायचं, आणि उभ्यानेच वाचत राहायचं. खाऱ्या हवेने पानं चिकटलेली असत. ती सोडवण्यात दुपार जायची. संध्याकाळी मुलगी पनवेलहून फोन करून विचारायची, "किती झालं?" मी म्हणायची, "होतंय."

भांड्यांच्या वेळी शेजारीण मदतीला यायची. तिचा हात भराभर चालतो आणि तोंडही. आमच्याकडच्या भांड्यांवर लग्नात, मुंजीत ज्यांनी दिली त्यांची नावं कोरलेली. मी तिला एक पातेलं दिलं तर ती ते उजेडात धरून म्हणाली, "काकू, ह्याच्यावर तुमच्या नणंदेचं नाव हाय. माझ्या घरात बघितलं तर लोक म्हनतील चोरून आनलं."

"नणंद म्हणणार नाही. ती कधीच गेली."

"मग तर न्यायलाच नको. रात्री मागायला आली तर?" असं म्हणत तिने ते पिशवीत टाकलं. मग पाट्याकडे वळली. "ह्यो पाटा नेताय?"

"नेते."

"तिसऱ्या माळ्यावर? खालचे लोक पयल्याच दिवशी भांडायला येतील. ओळख तरी होईल म्हना."

पाटा तिच्याकडे गेला. वरवंटा मी ठेवून घेतला. मग संध्याकाळी मीच तो तिच्या पायरीवर नेऊन ठेवला, कारण नुसत्या वरवंट्याचं मी करणार काय.

या सगळ्या आवराआवरीत एक गोष्ट मात्र पुढे सरकत नव्हती, आणि मला बसू देत नव्हती ती तीच.

माझे यजमान शाळामास्तर होते. श्रीवर्धनला त्यांचे एक जुने स्नेही असतात, शिकत असताना एका खोलीत राहिलेले. सुपारीची वाडी सांभाळतात. गुडघ्यांमुळे प्रवास बंद झाला आहे, मोबाइल त्यांना आवडत नाही, डाव्या कानाने ऐकू येत नाही. पण रोज वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवतात आणि अडलं की आमच्या घरच्या टेलिफोनवर फोन करतात. मास्तर इकडून उत्तर सांगायचे. कधी दोघे एका शब्दावरून हमरीतुमरीवर यायचे. 'अंगण' की 'ओसरी' यावरून एकदा आठवडाभर अबोला होता.

तेराव्यानंतर काही दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांना कळवायचं राहून गेलं होतं. मी उचलला.

"वहिनी, मास्तर आहेत का?"

"नाहीत," मी म्हटलं.

मला तेवढंच म्हणता आलं, आणि मला वाटलं की मी सांगितलं. आपल्या भाषेत माणूस वारलेला असला तरी आपण हेच म्हणतो. पण माणूस बाजारात गेलेला असला तरीही हेच म्हणतो.

"बरं, आले की विचारून ठेवा," पलीकडून आवाज आला. "मासा. तीन अक्षरी. मधलं अक्षर 'र'. आमच्याकडे मासा फक्त कोड्यात येतो हो, आम्हाला काय कळणार! उद्या करतो फोन." आणि त्यांनी ठेवलाही.

मी रिसीव्हर हातात घेऊन उभी राहिले. दुसऱ्या दिवशी सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नमस्कारही न करता विचारलं, "मिळाला का मासा?" आणि मी म्हटलं, "करली."

"करली! वा! मास्तरांना सांगा, बरोबर बसलं."

असं सुरू झालं. ते विचारायचे, "आहेत का?" मी म्हणायची, "नाहीत." मग ते शब्द विचारून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी मी उत्तर सांगायची. खोटं एकही वाक्य मी बोलले नाही, आणि हे मनाशी म्हणताना मला लाज वाटायची. हळूहळू फोन कमी झाले. आवाजही कोरडा झाला. एकदा त्यांनी कोडं विचारलंच नाही. "नाहीत ना? असू दे," म्हणाले आणि फोन ठेवला.

शेवटच्या आठवड्यात मुलगी राहायला आली. टेलिफोन बंद करण्याचा अर्ज तिने आधीच दिला होता. सामान हलेल त्या दिवशी लाइन कापणार होते. मी तिला श्रीवर्धनचं सांगितलं.

ती चिकटपट्टी लावत होती, ती थांबली. "आई, म्हणजे त्यांना अजून माहीतच नाही?"

"मी 'नाहीत' म्हटलं होतं."

"'नाहीत' म्हटल्यावर कोणाला काय कळणार? बाबा रोज बाजारात जातात असं वाटत असेल त्यांना!" मग माझ्याकडे बघून तिने आवाज खाली आणला. "मी सांगू का? दोन मिनिटांचं काम आहे."

"नको. मी सांगते."

"कधी? लाइन गेली की ते फोन करत बसतील आणि इकडे नुसती रिंग वाजेल. किंवा तीही नाही वाजणार."

हेच मला दिवसरात्र खात होतं. बाकी सगळ्यांना शेजाऱ्यांनी, मुलीने, जावयाने सांगितलं होतं. मी स्वतः एकालाही सांगितलं नव्हतं. लोक यायचे ते कळूनच यायचे. त्या दिवसांत मी कितीदा तरी नंबर फिरवायला घेतला आणि मध्येच उठून एखादं खोकं उघडलं.

टेम्पो सकाळीच आला. पलंग गेला, कपाट गेलं, फोनखालचं टेबलही गेलं. फोन जमिनीवर ठेवून दिला. मी हातात केरसुणी घेऊन रिकाम्या खोल्या झाडत होते. नवीन लोक येऊन सगळं पाडणार आहेत हे माहीत असूनही झाडत होते. तेवढ्यात फोन वाजला.

मी खाली बसून उचलला.

"वहिनी, आवाज घुमतोय तुमचा."

"घर रिकामं झालंय, भाऊजी. आम्ही अलिबागला चाललोय. म्हणजे मी चाललेय."

"आणि मास्तर?"

"मास्तर वारले. मार्गशीर्षात."

त्यांना ऐकू गेलं नाही असं मला वाटलं, म्हणून मी पुन्हा म्हटलं. पुन्हा मोठ्याने म्हटलं. बाहेर सामान उचलणारे थांबले.

मग ते म्हणाले, "अहो, मी रागावलो होतो त्यांच्यावर. फोनवर यायला काय होतं याला, म्हटलं. म्हातारपणी माज आला म्हटलं."

"माझं चुकलं."

"मग तो मासा?"

"मी सांगितला."

ते एकदम घाईने म्हणाले, "थांबा. मी आंघोळ करून येतो. आधी आंघोळ करायला हवी. मग करतो फोन. तुम्ही आहात ना?"

आमच्याकडे कुणी गेल्याची बातमी कानावर आली की माणूस हातातलं टाकून आधी अंगावर पाणी घेतो. सगळ्यांनी ते मार्गशीर्षात केलं होतं. ते आज करणार होते. त्यांच्यासाठी मास्तर आत्ता गेले होते.

"आहे," मी म्हटलं.

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मुलगी आत आली. "आई, चल. सगळं चढलं."

"थोडं थांबायचंय."

टेम्पोवालाही दारात आला. "ताई, मला पुढं रेवसचं भाडं हाय. कशाला थांबायचं?"

"श्रीवर्धनला एक जण आंघोळ करतायत," मी म्हटलं.

त्याने मुलीकडे बघितलं. शेजारीण ओट्यावर उभी होती, ती त्याच्या अंगावर खेकसली, "ऐकलं ना? करू दे आंघोळ. रेवस कुठं पळून जात न्हाय." तो गुमान जाऊन टेम्पोच्या सावलीत बसला. मुलगी माझ्या शेजारी जमिनीवर बसली. लाइनवाला कोणत्याही क्षणी येईल म्हणून आम्ही दोघी फाटकाकडे बघत होतो.

फोन वाजला. त्यांचा आवाज ओला होता, पाण्याने की कशाने ते कळत नव्हतं.

"हं. सांगा आता. पहिल्यापासून सांगा."

मी सांगितलं. पंप सांगितला, विहीर सांगितली, सकाळचा चहा अर्धा राहिला होता ते सांगितलं. कोणाचा आधी आवाज आला, ओटीवर कसं ठेवलं, घड्याळ कोणी काढलं. मध्ये ते "हं" म्हणत होते. मुलीलाही यातलं बरंचसं माहीत नव्हतं. ती त्या दिवशी पनवेलहून येईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं, आणि तिने मला कधी विचारलं नव्हतं. माझं सांगून संपलं तेव्हा ती माझी केरसुणी हातात घेऊन रडत होती.

"बरं केलंत," पलीकडून ते म्हणाले. "उशिरा केलंत, पण बरं केलंत. जा आता, गाडी थांबली असेल."

मी अलिबागचा नंबर दिला. त्यांनी आकडे एकेक करून परत म्हणून दाखवले.

आता या दोन खोल्यांत एक पलंग आहे, एक कपाट आहे आणि बांधलेली काही खोकी आहेत. ती मी सोडलेली नाहीत. खिडकीखाली दिवसभर रिक्षा उभ्या असतात. मी अजून एका जागी फार वेळ बसत नाही. मास्तर गेल्याचं सगळ्यांना माहीत आहे. ज्याला सांगायचं असं कुणी उरलेलं नाही.