नाकाखालची खळी

बाई कुणाच्याही डोळ्यांकडे बघून बोलतच नसत. नाकाखाली, वरच्या ओठावर जी खळी असते ना, तिच्याकडे बघत. पहिल्यांदा लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा मी सरळ विचारलं, "माझ्या तोंडाला काही लागलंय का?" म्हणाल्या, "नाही आजी. छान जुळलाय तुमचा ओठ."

गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत त्या वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मूळच्या पुण्याच्या. कोंबडीच्या अंड्यात पिल्लाचा चेहरा कसा घडतो ते प्रयोगशाळेत बघायचं, हे त्यांचं काम. अंड्यांचा खोका मांडीवर घेऊन कॅबमध्ये बसायच्या. वॉचमन चिडवायचा, "मॅडम, आमलेट कब खिलाओगी?" त्या गंभीरपणे सांगायच्या, "भैया, अभी तो इनके चेहरे बन रहे हैं."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी 'तुम्हाला नाही कळायचं' असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. "प्रत्येक पेशीत सगळं लिहिलेलं असतं, आजी. त्यातलं काय, कधी वाचायचं, ते शेजारच्या पेशीचा निरोप आला की ठरतं."

"म्हणजे आपल्या सोसायटीसारखंच. शेजारणीनं सांगितल्याशिवाय कुणी हलत नाही."

खूप हसल्या.

मग मला नात झाली, वरचा ओठ दुभंगलेली. विहीणबाई माझ्या सुनेला, शुभाला, म्हणाल्या, "ग्रहणात भाजी चिरलीस ना?" झालं, शुभानं जेवण सोडलं. बाळाला दूध पाजायची, तेही तोंड फिरवून.

बाई खाली आल्या. शुभाच्या मानेमागे दोन्ही हात ठेवले आणि गालांवरून हळूहळू पुढे आणत बोटं तिच्या ओठाशी टेकवली. "चेहऱ्याच्या पेशी अशा मागून चालत येतात. इथे दोन्ही बाजू जुळायच्या असतात. कुठेतरी निरोप चुकला की फट राहते. का चुकला, ते दर वेळी आम्हालाही कळत नाही." मग विचारलं, "ग्रहण कधी होतं?"

"पाचव्या महिन्यात."

"ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो. तू विळीवर बसलीस तेव्हा हे कधीच होऊन गेलं होतं."

शुभा ढसाढसा रडली, आणि मग वरणभात जेवली.

"टाके घातले की मला आणून दाखवा," बाई म्हणाल्या होत्या. त्याआधीच त्या आजारी पडून पुण्याला बहिणीकडे गेल्या. तिथेच संपल्या. आजार मोठा होता, पण इथे कुणाला बोलल्या नव्हत्या.

नात आता शाळेत जाते. ओठावर बारीक रेघ आहे, हसली की जराशी ओढली जाते. लिफ्ट वरून खाली यायला लागली की मी अजूनही तिला पुढे उभी करते. दार उघडतं. आतली माणसं फोनमध्ये बघत असतात.