अक्कांनी अडवलेला रोट

धुळ्याच्या दवाखान्यातून फोन आला, "अक्का गेल्या..." आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "आता आमच्या कोमलसाठी कोण भांडणार?" थोरली जाऊ गेली आणि मला आठवलं ते भांडणच. बाई होतीच तशी.

गेल्या श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाला, गिरणा नदीच्या वाटेवर माझी कोमल मनसोक्त नाचली. नववीतली पोर, अंगानं भरलेली. वर्गात त्यावरून आधीच चिडवायचे. दुपारपर्यंत तिचा व्हिडिओ म्हशीचा आवाज लावून वर्गाच्या ग्रुपवर फिरला. काढणारा कोण? तिच्याच वर्गातला तिचा सख्खा चुलतभाऊ, रोहित! मग बिननावाची खाती उगवली, नको नको ते लिहू लागली. आणि घरचे शहाणे काय म्हणाले? "नाचायला कुणी सांगितलं होतं? फोन काढून घ्या तिचा." वा रे न्याय! दात काढणारे मोकळे, तोंड लपवायचं पोरीनं. जिच्या मागे घरातलं कुणी उभं राहत नाही, अशीच पोर ही टोळकी बरोबर हेरतात. मला आजही संताप येतो.

संध्याकाळी सगळे रोट खायला बसले. कानबाईच्या नैवेद्याचा हा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, परक्याला त्यातला तुकडाही देत नाहीत. कोमल आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. अक्का आल्या आणि त्यांनी रोहितच्या पुढचं ताट उचललं.

"अक्का, मी घरचाच ना?"

"जो आपली पोरले हासना, तो आपला नही." आपल्या पोरीला हसला तो परकाच, असा त्यांचा सरळ हिशेब.

त्याची आई, माझी धाकटी जाऊ, रडायला लागली. आमचे सासरे, नाना, म्हणाले, "सूनबाई, कानबाई कोपेल."

"कोपू द्या, नाना. ती बी बाईच शे!"

रोहितनं त्याच ग्रुपवर चूक कबूल केली, तेव्हा कुठे ताट परत आलं. व्हिडिओ काही थांबला नाही, हे खरंच. पण दुसऱ्या दिवशी कोमल दप्तर घेऊन निघाली आणि अक्का शाळेच्या फाटकापर्यंत तिच्यासोबत गेल्या.

दहाव्याच्या दिवशी स्टेटसला लावायला आम्ही अक्कांचा फोटो शोधत होतो. नानांना डोक्यावर पदर घेतलेला, शांत चेहऱ्याचा हवा होता. कोमलनं रोहितकडून तो मूळ व्हिडिओ मागून घेतला. त्यानं कापून टाकलेला भाग त्यात होता... कोमलचे हात धरून अक्का फुगडी घालताहेत, पदर खांद्यावरून घसरलाय, दोघी खदाखदा हसताहेत. कोमलनं तो स्टेटसला लावला. मग वर्गाच्या ग्रुपवरही टाकला.

"अगं, पुन्हा हसतील गं..." मी म्हणाले.

"हसू दे. माझी अक्का कशी नाचायची, ते तरी बघतील."

आणि फोन तिथंच ठेवून ती पंगतीत वाढायला गेली.