पलटणीतल्या बुढ्याचा पेन

नेरला माझ्या आत्याच्या घरी बुद्धाच्या तसबिरीशेजारी एका माणसाचा मोठा, रंगवलेला फोटो आहे. निळा कोट, लाल टाय, आणि कोटावर डाव्या छातीशी एक जाडजूड पेन. घरात सगळे त्याला पलटणीतला बुढा म्हणतात. माझ्या बाबांचे पणजोबा. इंग्रजांच्या पलटणीत ते हवालदार होते, एवढंच आम्हाला माहीत होतं. बाकी आम्ही त्यांना जे काही समजत होतो, ते त्या पेनावरून.

मी बारावी झाले तेव्हा हा पेन माझ्या फार कामाला आला. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. जिनिंग दिवाळीनंतर सुरू व्हायची आणि संक्रांतीच्या आसपास थंड पडायची. पोरीनं आता घरी राहावं, शिवणकाम शिकावं, असं बाबांचं म्हणणं. तेव्हा आत्यानं भिंतीकडे बोट दाखवलं.

"पाय त्याच्याकडे. गावात कोणाले लिहिता येत नव्हतं, तवा आपल्या घरी पेन व्हता. अन् तू पोरीले घरी बसवून राह्यला?"

आत्या बाबांपेक्षा मोठी. बाबा तिला बाई म्हणतात, आणि बाईपुढे त्यांचं फारसं चालत नाही. "पाहू एखांदं वर्ष," ते म्हणाले, आणि मी यवतमाळला कॉलेजात आले.

दुसऱ्या वर्षी इतिहासाच्या मॅडमनी आम्हाला एका निवृत्त चित्रकला शिक्षकांकडे पाठवलं. त्यांच्याकडे शंभर वर्षांहून जुने शिपायांचे फोटो आहेत, ते पाहून या आणि दोन पानं लिहा, असं काम होतं. मला वाटलं, तलवारी वगैरे असतील. सरांनी समोर ठेवले ते जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, तळहाताएवढे तपकिरी फोटो. फेटे, पट्टे, मिशा. मागे छावणीतल्या स्टुडिओचा पडदा, त्यावर रंगवलेला जिना. कोणी अगदी जवळून आपल्याकडे पाहत असावं, तसं वाटलं. मी विचारलं, "सर, हे कुठून आणले?"

"भंगारातून. बंद पडलेल्या स्टुडिओंतून. लोक जुना फोटो देतात, मोठा करून नवा घेऊन जातात. जुना राहतो तिथंच. फोटोवाला तरी किती सांभाळील?"

सरांची एक पद्धत होती. ज्याचं नाव नक्की झालं तोच फोटो अल्बममध्ये. बाकीचे बुटांच्या खोक्यात. "नाव नाही तोवर तो नुसता गणवेश," ते म्हणाले. "आणि फोटोमागं लिहिलेलं नावही मी आपणहून सांगत नाही. ते घरच्यांनी घ्यायचं. आपण आधी सांगितलं की लोक भिडेखातर हो म्हणतात. एका शिपायाला तर तीन गावांनी आपला आजोबा करून घेतलं."

मग म्हणाले, "आज स्टुडिओत मोठे करायला येणारे फोटो पाहिले का? सगळी तरणी पोरं. हार घालायला. मी फोटोवाल्याला सांगत असतो, बाबा रे, मागं नाव तरी लिहून ठेव."

ती कापूसवाल्या घरांतली, कर्जापायी जीव दिलेली पोरं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

खोक्यातले फोटो पाहताना तो माझ्या हाती आला. डावी भुवई मधोमध तुटलेली. मान थोडी वर. आत्याच्या भिंतीवरचा चेहरा, पण अंगात कोट नव्हता, शिपायाचा डगला होता. आणि छातीवर, जिथं पेन असायला हवा होता तिथं, फितीला लटकलेलं पदक होतं. मागं मोडीत काही लिहिलेलं, त्याखाली सरांनी पेन्सिलनं ते देवनागरीत उतरवलेलं. एक नाव, त्याला जोडून 'नाक', जसं त्या काळी महार शिपायांच्या नावाला असायचं, आणि आमच्या मूळ गावाचं नाव.

मी तो फोटो परत खोक्यात ठेवला. दोन पानं लिहून दिली. त्यात त्याचा उल्लेख केला नाही.

काही दिवसांनी नेरहून येणाऱ्या एका शेजाऱ्याजवळ बाबांनी निरोप धाडला. यंदा जिनिंग उघडेलसं वाटत नाही, परीक्षा झाली की सामान घेऊनच ये. पूर्वी असा निरोप आला असता तर मी आत्याला गाठलं असतं. आता आत्याकडे जायचीही भीती वाटत होती. तिच्या ज्या पेनावर माझं कॉलेज उभं होतं, तो पेन नव्हताच, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

शेवटी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते.

"पेंटर असंच करायचे," ते म्हणाले. "चेहरा तसाच ठेवून अंगावर कोट-टाय चढवायचे, लोकांना तेच हवं असायचं. पदक काय आहे ते याला कळलं नसेल. पेन केला त्याचा."

"त्यांना लिहिता येत असेल का, सर?"

"मला माहीत नाही. माहीत नाही ते मी कसं सांगू?"

त्यांनी फोटो बटर पेपरमध्ये गुंडाळला आणि माझ्यापुढे धरला. "घेऊन जा. नाव मात्र तू घ्यायचं नाही."

"सर, तुम्ही मला नीट ओळखतही नाही."

"याला ओळखतो ना," ते फोटोवर बोट ठेवून म्हणाले.

नेरला पोचले तेव्हा बाबाही आत्याकडेच बसलेले होते. मी फोटो आत्याच्या हातात दिला, नाव घेतलं नाही. तिला कमी दिसतं. ती उठून दारात उजेडाला गेली. फोटो डोळ्यांशी नेला. मग तिनं नाव घेतलं, 'नाक' जोडून, पूर्ण. ते आमच्या घरात मी कधीच ऐकलं नव्हतं.

"माहा आजा असंच म्हणे," ती म्हणाली. "याले कुठून आणलं व तू?"

बाबांनी फोटो तिच्या हातून घेतला, एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा हातातल्या फोटोकडे. "बाई, याच्याजवळ तं पेन नाही."

पेंटरचं मलाच सांगावं लागलं.

"म्हंजे बुढा अंगठाछाप," बाबा म्हणाले.

"माहीत नाही," मी म्हणाले.

आत्या खाली बसली. तिला वाईट वाटलेलं दिसत होतं, आणि मला फोटो आणल्याचा पस्तावा होऊ लागला होता. मग ती बाबांना म्हणाली, "नसंन येत त्याले लिहिता. आपल्या बापाले कुठं येत व्हतं? मले येते का? तू सहीपुरता. अन् म्या या पेनाच्या भरोशावर तुह्यासंग एवढी भांडली."

"मंग आता?"

"आता बिनपेनाची भांडीन."

बाबांना हसू आलं. ते त्यांनी दाबलं, पण आम्ही पाहिलं. ते फोटो उलटासुलटा करत राहिले. मागची पेन्सिलची अक्षरं माझ्यापुढे धरून म्हणाले, "वाच." मी वाचलं. "अजून एकडाव." मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा ते माझ्याबरोबर अक्षरांवरून बोट फिरवत, हळूहळू, स्वतः म्हणाले.

सरांनी तो फोटो परत घेतला नाही. त्यांच्या अल्बममध्ये त्याची झेरॉक्स आहे, आणि 'नाव कोणी सांगितलं' या ओळीपुढे माझ्या आत्याचं नाव. सुट्टीच्या दिवशी मी सरांचं खोकं घेऊन कधी कळंबकडे, कधी राजूरकडे जाते. लोक चहा देतात, भिंतीवरचे फोटो उतरवून दाखवतात. मी विचारते कमी, बसते जास्त. हे मला सरांनी दिलं, आणि त्यांचे आभार कसे मानावेत ते मला अजून नीट जमलेलं नाही.

फोटो दाखवला त्या दिवशी बाबा मला नेरच्या स्टँडवर सोडायला आले होते. मी चढले तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "सामान राहू दे तिकडंच."