वारा धरायचं जाकीट

जुनी सीट उसवली की आतून काय काय निघतं! कंगवा, बसचं तिकीट, चिंचोके, एकदा तर तान्ह्या बाळाचं टोपडं निघालं. कोणी मुद्दाम ठेवलेलं नसतं. बसता-उठता शिवणीतून आत सरकतं आणि साठत राहतं. किस्सेही तसेच. मी आठवीत शाळा सोडली आणि चारचौघांत बोलायला लाजतो. त्यामुळे माझ्या दुकानात बाकीचे बोलायचे, मी मशीन चालवायचो. पण ऐकलेलं सगळं आत साठलंय. आज एक शिवण उसवतो.

ऐंशीनंतरची गोष्ट. तुर्भे नाक्यावर माझं सीट कव्हरचं दुकान होतं. वाशीत बिल्डिंगा नुकत्या उभ्या राहत होत्या. रस्त्यापलीकडे मोकळं माळरान आणि त्याच्याही पलीकडे मिठागरं. एप्रिल-मेच्या दुपारी ती अशी चमकायची की बघता बघता डोळे मिटायचे. डांबरी रस्त्यावर लांब कुठेतरी पाणी साचल्यासारखं दिसायचं. जवळ गेलं की ते पुढे सरकायचं.

दुपारी तीनला पहिली पाळी सुटली की तीन मोटारसायकली दुकानापुढे थांबायच्या. तिघंही एकाच कारखान्यातले. करावे गावचा महादू भोईर फिटर होता. पाटणकर लॅबोरेटरीत, दादर सोडून वाशीत फ्लॅट घेतलेले, सगळ्या गोष्टींची टेस्ट करणारे. आणि गायकवाड बीडकडचा, बॉयलरवर कामाला. चौथी गाडी माझी. मला सगळे मास्तर म्हणायचे, कारण शिंप्याला मास्तरच म्हणतात.

"आठवी नापास मास्तर!" महादू ओरडायचा. मी मान खाली घालून टाके घालायचो.

* * *

चैत्रात महादू नेरूळजवळ खडीवर घसरला. अंगात हाफ शर्ट. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी रस्त्यावरच राहिली.

डॉक्टरांनी पट्टी बांधली. पण खरा इलाज त्याच्या आयनं केला. ही बाई पहाटे तीनला उठून मासळी घेऊन बाजार गाठायची. उरलेला दिवस जाळी विणायची. तिनं गाडीची किल्ली कमरेला खोचली आणि सांगितलं, "अंगभर जाड कापड घालून चालवशील तं किल्ली. एक दिस जरी उघडा दिसलास, तं किल्ली खाडीत!"

गायकवाड म्हणाला, "आई लोक बोलतेत रे तसं."

महादूनं मान हलवली. "माझी आय बोलत नाय, टाकते. बाबाच्या पत्त्यांचा कॅट गेला, तो आजून वर आला नाय!"

तेव्हा करावे गावात बस जात नव्हती. पण महादूला चालण्याचं टेन्शन नव्हतं. तो एकदा मला एकट्याला म्हणाला होता, "फटफटीवर बसलो ना मास्तर, की मना काय पन आठवत नाय. नुसता वारा."

आता त्याचा तो वारा आमच्या हातात होता. मे महिन्यात कातडीही वाचेल आणि जीवही राहील, असं अंगावर काय घालायचं? दुकानात रेनकोट मिळायचा. उन्हाचा कोट कोण विकणार?

* * *

पहिला मान पाटणकरांनी घेतला. त्यांच्या मेव्हण्यानं जर्मनीहून चामड्याचं जाकीट पाठवलं होतं. काळंभोर, आत अस्तर, गळ्यापर्यंत चेन.

"तिकडे सगळे हेच घालतात," पाटणकर म्हणाले. "आधी माझ्यावर ट्रायल, मग महादूवर."

दुसऱ्या दिवशी कारखान्यापासून माझ्या दुकानापर्यंत ते घालून आले. गाडीवरून उतरले आणि तसेच उभे राहिले. आम्ही चेन ओढली तर जाकीट निघेना, अस्तर अंगाला चिकटलेलं. एकानं कॉलर धरली, दोघांनी एकेक बाही. केळं सोलावं तसे साहेब बाहेर आले!

काळा रंग घामाबरोबर शर्टात, शर्टातून छातीवर, दंडावर उतरला होता. ते हात त्यांनी तोंडावरून फिरवले. मग तोंडही तसंच.

घरी गेल्यावर बेल वाजवली. बायकोनं दार उघडलं, नखशिखान्त बघितलं आणि म्हणाली, "भिंतीला हात लावू नका! कालच डिस्टेंपर झालाय."

* * *

गायकवाडचं म्हणणं वेगळं होतं. "आमच्याकडं ऊन वाढलं की कापड वाढवतेत. अन् खिशात कांदा ठेवतेत. कांदा ऊन ओढून घेतो."

"खिशात ठेवून डोकं कसं थंड राहील?" पाटणकरांनी टेक्निकल मुद्दा काढला.

गायकवाडनं विचार केला आणि कांदा सोलून, दोन फाकी करून हेल्मेटात ठेवला.

तुर्भ्याचा पूल येईपर्यंत डोकं थंड होतं म्हणे. पुढे कांदा तापला. रस डोळ्यांत उतरायला लागला. वाशी नाक्यावर हवालदारानं हात केला, तेव्हा गायकवाडच्या दोन्ही गालांवरून धारा लागलेल्या. लायसन काढायला गेला, तर हुंदका आल्यासारखा आवाज झाला.

हवालदारानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे लायसन. जा बाबा, सावकाश जा. जाणारं माणूस गेलं."

गायकवाड काही सांगायच्या अवस्थेत नव्हता. निघून गेला.

आठवड्यानं त्याच नाक्यावर त्याच हवालदारानं त्याला पुन्हा थांबवलं. गायकवाड मित्राला मागे बसवून मोठमोठ्यानं हसत चालला होता. हवालदार त्याच्याकडे बघतच राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "दहावा तरी होऊ द्यायचा!"

* * *

मग रंगाची टेस्ट झाली. पाटणकरांनी चार मेणबत्त्या आणल्या. माझ्या दुकानाच्या पत्र्यावर त्या उभ्या करून प्रत्येकीवर एकेका रंगाच्या कापडाची खोपटी केली. काळं, तपकिरी, खाकी, पांढरं. आम्ही खाली सावलीत बसलो. ऊन इतकं होतं की डोळे आपोआप मिटायला लागले. लांबच्या खाणीत सुरुंगाचा आवाज झाला तो पण झोपेत ऐकल्यासारखा वाटला.

तासाभरानं बघितलं. काळ्याखालची मेणबत्ती पत्र्यावर पसरली होती. तपकिरीखालची आडवी, खाकीखालची कमरेत वाकलेली. पांढऱ्याखालची थोडी कललेली, पण उभी.

पाटणकर वहीत लिहीत म्हणाले, "सिद्ध झालं! उन्हात पांढरंच घालावं."

गायकवाड म्हणाला, "आमच्या आज्ज्यानं पांढरं धोतर नेसायच्या आधी मेणबत्ती नव्हती लावली!"

* * *

मी पांढऱ्या कॅनव्हासचं जाकीट शिवलं. खांद्यावर, कोपरावर, पाठीच्या कण्यावर नमदा घातला, सीटमध्ये भरतो तो दाबलेल्या लोकरीचा जाड थर. दिसायला फर्स्ट क्लास. दगडावर आपटलं तरी आतल्याला लागू नये असं. पण आत वारा नव्हता.

किल्ली परत मिळाली आणि महादूनं ते दोन दिवस घातलं. तिसऱ्या दिवशी तो गाव येईपर्यंत जाकीट कॅरियरला बांधून यायला लागला. वेशीजवळच्या विहिरीवर थांबायचं, आतल्या बाजूला पाणी शिंपडायचं, मग अंगात घालून घरी जायचं. आयनं पाठीवर हात फिरवला की ओलं लागायचं. घाम आला म्हणजे पोरानं जाकीट घातलं!

चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी आयनं ओलं बोट जिभेला लावलं.

मग दुसऱ्यांदा लावलं.

"महादू," ती म्हणाली, "घाम गोडा कवापासून झाला रं?"

जन्म खाऱ्या पाण्यात गेलेली बाई ती! किल्ली तिनं तिथल्या तिथं कमरेला लावली. "रविवारी उधानाची भरती हाय. तवर बघ काय करतोस."

तो गुरुवार होता.

* * *

शुक्रवारी दुकान बंद करून मी करावे गावात गेलो. रस्ताभर पाठ केलं होतं, "मावशी, जाकीट चुकलंय, पोरगा नाही." दारात पोचलो आणि एक शब्द तोंडातून निघेना.

ती अंगणात जाळं विणत बसली होती. तिनं मला बघितलं. "बस," म्हणाली. मी बसलो. ती विणत राहिली.

पाठीमागं बांबूवर एक जुनं जाळं वाळत होतं, जाड सुताचं, बोराएवढ्या गाठींचं. मी त्याला टेकलो. खाडीवरून वारा येत होता. तो जाळ्यातून आला, माझ्या शर्टात शिरला आणि पाठभर फिरला. शर्ट पाठीला चिकटला नाही. गाठींनी तो अंगापासून उचलून धरला होता. मी डोळे मिटले. किती वेळ बसलो कोणास ठाऊक. भरतीचं पाणी चिखलातून सुरसुर करत येत होतं एवढं आठवतं.

उठलो आणि अख्ख्या भेटीतलं एकच वाक्य बोललो. "मावशी, हे जुनं जाळं देता?"

"मासं धरतोस?"

"नाही. वारा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत बघून ओरडली, "महादू, ह्या पोराला पानी दे रं, ऊन लागलाय त्याला!"

पण जाळं दिलं.

* * *

त्या रात्री आणि शनिवारभर मी मशीनवरून उठलो नाही. छाती, पाठ आणि बाह्यांची आतली बाजू दुहेरी जाळ्याची. खांदे, कोपर, कणा आणि बाह्यांची बाहेरची बाजू कॅनव्हास आणि नमद्याची. आत भिजवून पिळलेला मलमलचा सदरा घालायचा, ही आयडिया गायकवाडची. पाटणकरांनी जाकीट टेबल फॅनसमोर धरून आरपार मेणबत्ती विझवून दाखवली.

रविवारी बाराच्या उन्हात आम्ही चौघं तिच्या अंगणात उभे. खाडी भरत आली होती. किल्ली तिच्या मुठीत.

तिनं जाकीट उन्हाकडे धरलं. तिच्या तोंडावर जाळीची सावली पडली.

"ह्या भोकांतून वारा येल. आनि खडी?"

तिनं जाळं दोन मुठींत धरलं आणि जोर लावून ताणलं. पुन्हा ताणलं. दातात धरून ओढलं.

महादू हळूच म्हणाला, "आये, गाठी तुझ्याच हायेत."

ती थांबली. स्वतःची गाठ सुटेल असं कोणती कोळीण म्हणेल?

"पन उकाडा होल," ती म्हणाली. "दोन दिसांत काढून कॅरियरला बांधशील. आन इकडं. मीच बगते."

तिनं काष्टा आवळला, ओल्या सदऱ्यावरून जाकीट घातलं. पाटणकरांनी अदबीनं स्वतःचं हेल्मेट दिलं. महादूनं मी आधी शिवलेलं कॅनव्हासचं जाकीट चढवलं. आयनं किल्ली त्याच्या हातात ठेवली, पण सोडली नाही.

"उरन फाट्यापरेंत ने आनि आन. मना गरम झाला, तं तितूनच खाडीत."

आणि मागे बसली. जन्मात पहिल्यांदा.

महादू पुढे, मी डाव्या बाजूला, गायकवाड उजव्या बाजूला, पाटणकर मागे. गाव सुटेपर्यंत तिनं महादूचं जाकीट गच्च धरलेलं. शेतं लागली तशी बोटं सैल झाली. मग ती इकडे बघायला लागली, तिकडे बघायला लागली. मग नुसतीच समोर बघायला लागली. जाळीच्या आत सदरा वाऱ्यानं फुगला होता.

उरण फाटा आला. महादूनं गाडी हळू केली आणि माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा घाबरलेला.

मी जवळ गेलो. तिचं हेल्मेट त्याच्या पाठीला टेकलेलं. डोळे मिटलेले. तोंड थोडं उघडं.

"झोपली!" मी म्हणालो.

"आता काय करू, मास्तर?"

"वळवू नका, गचका बसेल," मागून पाटणकर.

गायकवाड म्हणाला, "चाळीस वर्षं पहाटे तीनला उठतीया ती. झोपू द्या की!"

महादूनं डाव्या हातानं तिची दोन्ही मनगटं पोटाशी धरली आणि गाडी सरळ ठेवली.

बेलापूरची टेकडी गेली. हळू, अगदी बैलगाडीसारखे आम्ही चाललो होतो. ट्रकवाले बाजूनं जाताना वाकून बघायचे आणि हॉर्न न वाजवता जायचे. रस्त्यावर लांब ते खोटं पाणी चमकत होतं आणि आम्ही चौघं त्याच्या दिशेनं चाललो होतो, मधे ती झोपलेली. खारघरचे डोंगर उन्हात विरघळल्यासारखे दिसत होते. कळंबोली गेली. हे कुठंतरी संपणार असं वाटतच नव्हतं.

पनवेलच्या तळ्याकाठी महादूचं पेट्रोल संपलं.

गाडी खोकली, दोन गचके खाल्ले आणि बंद पडली. एकदम शांत झालं. त्या शांततेनंच ती जागी झाली.

तिनं तळं बघितलं. आम्हाला चौघांना बघितलं. आपल्या पाठीवरून, काखेतून हात फिरवला. महादू मान खाली घालून उभा. त्यानं किल्ली काढून तिच्यापुढे धरली होती.

तिनं किल्लीकडे बघितलंसुद्धा नाही.

"कशाला रं थांबवलीस?"