कागद न काढलेली लडी

कुसुमबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत लसीकरणाला बसले होते. अकरा बाळं झाली होती, सात राहिली होती. फोन तिच्या सुनेचा, रेखाचा. "काकू, आई गेल्या. सकाळी चहा घेऊन बसल्या होत्या, बसल्या बसल्याच कलल्या..." मी आरोग्यसेविका आहे, असे फोन आजवर पुष्कळ घेतले आहेत. डॉक्टरला बोलावून घे, मी येतेच, असं रेखाला सांगितलं. उरलेल्या सात बाळांना टोचलं, डबा बंद केला आणि गाडी काढली. गोंडपिपरीपर्यंत वीस मिनिटांचा रस्ता. त्या वीस मिनिटांत माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की आता तिची भरतकामाची पेटी कोण उघडणार. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खोटं कशाला लिहू? कुसुमबाईनं मला एकदा मुद्दाम कच्च्या रंगाचा दोरा दिला, असा माझा सहा वर्षांपासून संशय होता. खरं-खोटं काय ते त्या पेटीतच असणार होतं.

कुसुमबाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आमच्या घरापासून तिचं घर तिसरं. नवरा वनरक्षक होता, त्यामुळे अर्धं आयुष्य गडचिरोलीकडच्या जंगलात बदल्यांमागून बदल्या करण्यात गेलं. दर बदलीत ट्रकमधून एखादी वस्तू कमी उतरायची. कधी परात, कधी पाटा, एकदा तर शिलाई मशीनचं पायडल. ती वस्तू हरवली असं कुसुमबाई कधीच म्हणत नसे. "वस्तू हरवत नाई, सिस्टर. वस्तू जाते," ती सांगायची. कोणाकडे गेली असेल याचीही तिच्याकडे नावं असत. निवृत्तीनंतर ते गोंडपिपरीत स्थिरावले, नवरा वारला, पण तिचा संशय घरात राहिलाच. दूधवाल्यावर, मीटर वाचणाऱ्यावर, चिंच फोडायला येणाऱ्या बायांवर, आणि दुपारी तिच्याकडे भरतकाम घेऊन बसणाऱ्या आम्हा चौघींवरही.

बैठक मोडायच्या आधी सुया मोजल्या जायच्या. हा नियम होता. फ्लॅनेलच्या तुकड्यावर पावडर टाकून त्यात ती सुया खोचून ठेवी, पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून. एकदा मोजणी झाली आणि ती म्हणाली, "एक सुई कमी हाय. उठू नका कोणी."

शाळेत शिकवणाऱ्या शोभाबाई वैतागल्या. "आमी काय सुई खाल्ली का व?"

"खाल्ली अशीन तर सिस्टर हाय न इथी. काढून देईन."

आम्ही पदर झटकले, सतरंजी झटकली, उशीची खोळ काढली. सुई शेवटी कुसुमबाईच्याच पदरात निघाली. आम्हाला वाटलं, आता तरी ही ओशाळेल. तिनं सुई उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "माह्या पदरात कोणी खोचली?"

तिची पेटी म्हणजे हिरव्या रंगाची, कडी-कुलपाची छोटी पत्र्याची पेटी. किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला. आत टूथपेस्टची खोकी कापून कप्पे केलेले. दोऱ्याच्या लड्या ती जुन्या लग्नपत्रिका कापून त्या पुठ्ठ्यांवर गुंडाळी. त्यामुळे हिरवा शोधायला गेलं की आधी कोणाचा तरी "चि." दिसायचा आणि "सौ. कां." दुसऱ्याच रंगाखाली सापडायची. लडीवरच्या कागदावर रंगाचा नंबर असतो, तोच रंग पुन्हा आणायचा तर तो नंबरच कामी येतो. कुसुमबाई मात्र पुठ्ठ्यावर नंबर उतरवून घेत नसे. मी एकदा कारण विचारलं. "नंबर दुकानदाराचा. रंग माहा," ती म्हणाली. मला तेव्हाच वाटलं होतं, आपल्यासारखा रंग दुसरीला मिळू नये म्हणून हे चाललं आहे.

माझी पद्धत वेगळी. चोवीस कप्प्यांचा प्लास्टिकचा डबा, प्रत्येक कप्प्यावर नंबराची चिठ्ठी. कुसुमबाईनं तो पाहून विचारलं होतं, "हे औषधाचं कपाट हाय का?" पहिल्या उन्हाळ्यात चिठ्ठ्यांचा गोंद सुटला. मग एकदा बसमध्ये झाकण उघडलं आणि चोवीसही रंग सीटखाली गेले. ते सोडवायला आठवडा लागला, त्यातले सहा कात्रीनंच सुटले. ही गोष्ट मी तिला कधी सांगितली नाही. पण तिला कळली होती, असा मला दाट संशय आहे, कारण त्या आठवड्यात तिनं दोनदा सहज विचारलं, "डबा नाई आणला आज?"

भरतकाम शांत माणसांचं काम आहे असं न करणाऱ्यांना वाटतं. चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात तळहाताला असा घाम सुटतो की पांढरा दोरा तीन टाक्यांत मळकट होतो. कूलर लावला तर दोरा उडतो, बंद केला तर माणूस शिजतं. नेमकी शेवटच्या पाकळीला गाठ पडते आणि ती सोडवताना आधीची पाकळी उसवते. तरीही एखाद्या दुपारी सहापदरी दोऱ्यातून दोन पदर न अडकता सरळ निघून येतात, साखळी टाका एकसारखा पडत जातो आणि दोन तास कोणी काही बोलत नाही. अशा दुपारी आम्हाला पुष्कळ मिळाल्या. कोणाचंही काम हातात आलं की कुसुमबाई ते आधी उलटं करून पाही. पाठीमागची गाठ दिसली की तिचा चेहरा उजळायचा.

आता त्या लडीचं सांगते. माझ्या मुलीचं, प्राजक्ताचं लग्न ठरलं तेव्हा रुखवतात मांडायला मी पांढऱ्या मॅटीच्या कापडावर टेबलक्लॉथ भरायला घेतला. चारी बाजूंनी पळसाची फुलं. चार महिने लागले. लग्नाला आठ दिवस असताना शेवटच्या फुलाला केशरी दोरा संपला. मी कुसुमबाईकडे धावले. तिनं पेटी उघडली आणि एक केशरी लडी काढून दिली. ती पुठ्ठ्यावर नव्हती. दुकानातून आली तशी, वरच्या कागदासकट. मी फूल पुरं केलं आणि नक्षी छापलेल्या कार्बनच्या निळ्या रेघा जाव्यात म्हणून कापड धुतलं. अकरा फुलं जशीच्या तशी राहिली. बाराव्या फुलाचा रंग फुटला आणि पांढऱ्या कापडावर तळहाताएवढा डाग पसरला. रुखवतात त्या डागावर मी लाडवांचं ताट ठेवलं. बायका येऊन फुलांचं कौतुक करत होत्या आणि मी त्या ताटावर लक्ष ठेवून उभी होते, कोणी उचलू नये म्हणून. कुसुमबाईही आली. ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही.

मी हिशेब मांडला. तिच्या चांगल्या लड्या पुठ्ठ्यावर. मला दिलेली कागदात. म्हणजे दुसरीला द्यायच्या लड्या ही वेगळ्या ठेवते. हे एकदा डोक्यात बसल्यावर सगळंच त्यात बसायला लागलं. न लिहिलेले नंबर, गळ्यातली किल्ली, त्या दिवशीचं गप्प राहणं. मी भांडले नाही. दुपारी तिच्याकडे जाणंही सोडलं नाही. फक्त तिच्या पेटीतला दोरा पुन्हा कधी घेतला नाही. टाका अर्धा राहिला तरी उठून घरी जायचे आणि माझा दोरा घेऊन यायचे. सहा वर्षं. तिनंही "घे न माह्यातला" असं एकदाही म्हटलं नाही. त्यामुळे माझी खात्रीच पटली.

तेरावं झाल्यावर रेखानं मला बोलावलं. पेटी पुढ्यात ठेवून म्हणाली, "काकू, यातलं तुमालेच समजते. मले तं हात लावाले बी भेव वाटते. वाटते, आई मोजाले येतीन."

मी पेटी उपसली. पुठ्ठ्यांवर गुंडाळलेल्या पन्नासेक लड्या होत्या. एका कोपऱ्यात तीन लड्या कागदासकट होत्या. त्या पाहून मला बरं वाटलं, हे कबूल करते. तळाशी मांजरपाटाची चार बोटं रुंद पट्टी निघाली, बँडेजसारखी गुंडाळलेली. मी ती उलगडत गेले. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचली. पट्टीवर बोटाबोटाच्या अंतरानं एकेक टाका होता, प्रत्येक वेगळ्या रंगाचा, आणि पट्टी धुतलेली होती. काही टाक्यांभोवती रंग फुटल्याचं वर्तुळ होतं. अशा प्रत्येकाशेजारी काळ्या दोऱ्याची फुली.

"हे आई लडी आणली का करत," रेखा म्हणाली. "टाका घालत, ओलं करत, वरून लोटा ठेवत. मंग वाळलं का पाहत. रंग नाई सुटला तं कागद काढून पुठ्ठ्यावर."

पुठ्ठ्यावरचा एकेक रंग मी पट्टीवर शोधला. सगळे सापडले. कागदातले तीन रंग मात्र पट्टीवर नव्हतेच. म्हणजे पारख झाल्याशिवाय कुसुमबाई लडीचा कागद काढत नव्हती. मग मी केशरी शोधायला लागले. प्राजक्ताच्या लग्नानंतर चार दिवसांनी मी आणि कुसुमबाई वरोऱ्याला गेलो होतो, तिथून तिनं एक विचित्र जांभळी लडी आणली होती. ती पट्टीवर ओळखू आली. टाके लड्या आणल्याच्या क्रमानं होते, आणि त्या जांभळीच्या आधी तो केशरी कुठेच नव्हता. तिच्या नंतर होता, भोवती डाग आणि शेजारी फुली. पुढे पुन्हा तोच केशरी, पुन्हा फुली. सलग चार वेळा. मला दिलेल्यातला उरलेला दोरा मी तिला परत केला होता, तोच असणार. स्वतःच्या डोळ्यांवरही तिचा विश्वास बसत नसावा.

तिनं मला लडी दिली तेव्हा ती कशी आहे हे तिलाही माहीत नव्हतं. जिनं दूध दोनदा मोजून घेतलं, तिनं न पारखलेली लडी माझ्या हातात कशी दिली? पट्टी मांडीवर घेऊन मी तो दिवस जमेल तितका आठवला. मी लग्नाच्या खरेदीला निघाले होते, दारात ऑटो उभा होता. मी चप्पलही काढली नव्हती. ती म्हणाली होती, "थांब न, ओलं करून पाहतो." आणि मी तिच्या हातातून लडी ओढून घेत म्हटलं होतं, "तुह्या संशयाले आज तरी सुट्टी दे." इतक्या वर्षांत हे वाक्य मला एकदाही आठवलं नव्हतं. आता मला सोयीचं म्हणून आठवतंय का, याचाही मी संशय घेऊन पाहिला. सोयीचं तर ते अजिबात नव्हतं.

मी पट्टी पुन्हा गुंडाळायला लागले, तेव्हा रेखानं विचारलं, "काकू, एक विचारू? तुमी आमच्या घरचा दोरा काऊन नाई घेत?"

माझे रंग वेगळे होते, असं सांगता आलं असतं. मी तिला सगळं सांगितलं. ताट, डाग, ऑटो, काही ठेवलं नाही.

रेखाला नवल वाटलं नाही. "आईले मालूम होतं न."

"काय मालूम होतं?"

"तुमी त्याइच्यावर संशय घेता ते. मी म्हटलं बी एकदा, सांगून टाका न काकूले. तं म्हणे, घेऊ दे. मी नाई का सगळ्याइवर घेत? तिनं एकीवर घेतला तं का झालं? येते न रोज, मंग झालं."

मी उठून पाणी प्यायले. पेटी रेखाकडेच राहू दिली. तिला साखळी टाका येतो, बाकीचं शिकेल. पट्टी तेवढी मागून घेतली. आणि जायच्या आधी पेटीतली एक लडी मागितली. कोणती, तिनं विचारलं. कोणतीही, म्हटलं.

दुपारची बैठक आता आमच्याकडे भरते. रेखा येते, शोभाबाई येतात. मागच्या आठवड्यात चंद्रपूरहून एक लाल लडी आणली. दुकानदार म्हणाला, "ताई, पक्का रंग, हमी माझी." कागद काढला नाही. पट्टीवर कुसुमबाईच्या शेवटच्या टाक्यापुढे एक टाका घातला, ओला केला, लोटा ठेवला. वाळल्यावर पाहिलं तर भोवती फिकट गुलाबी कडा आली होती. शोभाबाई म्हणाल्या, एवढं चालतं. मी काळा दोरा ओवला आणि फुली घातली. जरा वाकडी आली. उसवून पुन्हा घातली.